दोन्ही हात वेगवेगळे बरोबर, एकत्र आले की गडबड : पियानो शिकताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

उजवा हात एकटा वाजवला तर चूक होत नाही. डावा एकटा वाजवला तरी होत नाही. दोन्ही एकत्र आणले की दुसऱ्याच बारात (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक कप्पा) डावा हात उजव्याची नक्कल करायला लागतो, नाहीतर जागच्या जागी थिजतो. मग पुन्हा एकेक हात, पुन्हा एकत्र, पुन्हा तेच. महिनाभर घासून एक धून बसते आणि नवी धून समोर आली की सगळं पहिल्यापासून. कोथरूडला माझ्याकडे घरी शिकायला येतात त्यांत सात वर्षांची मुलं आहेत आणि निवृत्त झालेले काकाही आहेत. ही तक्रार न केलेला एकही जण मला आठवत नाही. मोठ्या माणसांना ती जास्त छळते. आपलं वय झालं, आपल्याला हे जमायचं नाही, असं त्यांच्या मनात येतं आणि दोन-चार महिन्यांत पियानोवर कपड्यांच्या घड्या दिसायला लागतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ही अडचण सुटणारी आहे.

ती सुटत नाही याचं मोठं कारण तिच्या नावातच आहे, असं मला इतक्या वर्षांनंतर वाटतं. सगळे म्हणतात, ‘हात सुटे झाले पाहिजेत.’ त्यामुळे शिकणारा दोन हात एकमेकांपासून तोडायच्या मागे लागतो, लक्ष अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे वाटायला बघतो. लक्ष असं वाटता येत नाही. मी लहानपणी सदाशिव पेठेत तबला शिकले, पियानोकडे बऱ्याच उशिरा वळले. पियानोवर अडले तेव्हा मला सोडवलं ते तबल्याने. तबलजीचे दोन हात दोन वेगळ्या वाद्यांवर वेगळी कामं करत असतात, पण त्याच्या डोक्यात बोलांची एकच ओळ चालू असते. पियानोवरही मनात अशी एकच ओळ तयार करायची आहे. खाली जे लिहिलं आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी वाद्य आणि बैठक बघून घ्या

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न करता लोक स्वतःला दोष देत बसतात. पावसाळ्यात पुण्याची हवा दमट झाली की जुन्या लाकडी पियानोचे लाकडी भाग फुगतात, एखादी पट्टी दाबल्यावर वर यायला उशीर करते. अशी पट्टी डाव्या हाताच्या वाटेत असेल तर तो हात दरवेळी तिथेच मागे पडणार. प्रत्येक पट्टी एकेकदा दाबून सोडून बघा. डिजिटल पियानो असेल तर तो किती उंचीवर आहे ते बघा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात साधारण जमिनीला समांतर राहिला पाहिजे. खांदे उचलून वाजवणाऱ्याचे दोन्ही हात एकदमच आखडतात. सराव करताना श्वास रोखला जातोय का, तेही बघा. अवघड बार आला की बहुतेक जण श्वास धरतात.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर स्टाइल लावून शिकलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे डावा हात एक कॉर्ड, म्हणजे काही सूर एकदम, दाबून धरतो आणि ठेका यंत्र वाजवतं. दोन वर्षं असं वाजवलेल्याचा उजवा हात छान तयार असतो, पण डाव्याने लय कधी स्वतः चालवलेलीच नसते. अशांनी स्टाइलचं बटण बंद करावं आणि पहिले पंधरा दिवस डाव्या हाताला खरंच नवशिक्या समजावं. यात कमीपणा काही नाही.

डावा हात उजव्यामागे का धावतो

टेबलावर दोन्ही हातांच्या तर्जनी पुढे करून ठेवा. गाडीच्या वायपरसारख्या दोन्ही एकाच दिशेने हलवा : दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे. आता हळूहळू वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर तुमच्या नकळत बोटं बदलतात आणि आरशातल्यासारखी हलू लागतात, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. स्कॉट केल्सो या शास्त्रज्ञाने १९८४ साली हा प्रयोग मांडला आणि तो आजही कुणालाही घरी करून बघता येतो. आपल्या दोन्ही हातांना एकमेकांचं प्रतिबिंब होऊन हलायची ओढ जन्मजात असते, आणि वेग वाढला की ती ओढ जिंकते. उजवा हात मुख्यतः मेंदूचा डावा भाग चालवतो आणि डावा हात उजवा भाग, पण दोन्ही भाग आपसात सतत बोलत असतात. म्हणजे तुमचा डावा हात मठ्ठ नाही. त्याच्या स्वभावात आहे तेच तो करतोय.

या ओढीशी झगडण्याआधी तिचा फायदा घ्या. दोन्ही अंगठे मधल्या सी वर, म्हणजे आपल्या पांढरी एकवर, ठेवा आणि सी मेजर स्केल दोन्ही हातांनी बाहेरच्या दिशेला वाजवा : उजवा वर जाईल, डावा खाली. दरवेळी दोन्ही हातांचं तेच बोट पडतं, म्हणून पहिल्याच दिवशी बहुतेकांना हे जमतं. दोन्ही हात एकाच दिशेने नेले की अवघड होतं, कारण अंगठे वेगवेगळ्या वेळी येतात. बोटांचे आकडे अंगठा १ ते करंगळी ५ असे धरा. उजवा हात १-२-३ वाजवून अंगठा खालून घालतो, डावा ५-४-३-२-१ वाजवून मग तिसरं बोट वरून टाकतो.

इथेही जोडाची जागा शोधायची. पांढरी एकला सा धरला तर ग आणि ध या दोन सुरांवर दोन्ही हातांची तिसरी बोटं एकदम पडतात. बाकी सगळं वेगळं असलं तरी हे दोन टेकू पक्के आहेत. मी मुलांना सांगते, स्केल म्हणजे सा ते सा असा लांबलचक रस्ता समजू नका, ग वर भेटा, ध वर भेटा. आठवड्याभरात स्केल चालायला लागते.

धा हा एकच बोल आहे

तबल्यात ना उजव्या हाताचा आणि गे डाव्या हाताचा, डग्ग्यावरचा. दोन्ही एकदम पडले की धा. तबला शिकणारं मूल धा वाजवताना ‘आता उजव्याने ना, त्याच वेळी डाव्याने गे’ असा विचार करत नाही. त्याच्यासाठी धा ही एकच वस्तू आहे, तिला स्वतःचं नाव आहे आणि ती तोंडाने म्हणता येते. पियानोच्या दोन हातांना आपण अशी नावंच देत नाही. ती दिली तर काय होतं ते एका खऱ्या तुकड्यावर बघू.

जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांच्या नाचाची धून, जवळजवळ प्रत्येक पियानो शिकणाऱ्याच्या वाट्याला येतो. संगीतकार योहान सेबास्टियान बाखची बायको आन्ना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीत तो आहे, म्हणून बरीच वर्षं तो बाखचा समजला गेला. मुळात तो क्रिस्टियान पेट्झोल्डचा. एका बारात तीन मात्रा, म्हणजे अर्ध्या अर्ध्या मात्रेची सहा घरं. पहिल्या बारात उजवा हात एक पूर्ण मात्रेचा सूर आणि मग चार अर्ध्या मात्रेचे सूर वाजवतो. डावा पहिल्या मात्रेला येतो आणि तिसऱ्या मात्रेला दुसरा सूर घेतो. याची ओळ अशी होते (ऽ म्हणजे नवा बोल नसलेलं घर) :

धा ऽ ना ना धा ना

दुसऱ्या बारात डावा एकच सूर धरून बसतो आणि उजवा तीन मात्रांना तीन सूर वाजवतो : धा ऽ ना ऽ ना ऽ. सातव्या बारात डावा तिन्ही मात्रांना चालतो : धा ऽ धा ना धा ना. आणि आठव्या बारात पारडं फिरतं. उजवा एक लांब सूर धरतो, डावा एकटा धावतो : धा ऽ गे गे गे गे.

आठव्या बारात सगळे अडतात. तिथे डावा हात कच्चा आहे असं त्यांना वाटतं. तो बार सुटा काढून त्यांच्याकडून फक्त डाव्याने वाजवून घेतला तर तो बरोबर येतो. मग चूक कुठे आहे? सात बार उजवा हात बोलत होता, लक्ष त्याच्याकडे होतं, आणि आठव्यात एकदम बोलणारा बदलला. ना ऐकायची सवय लागलेल्या कानाला अचानक गे ऐकावं लागतं. तोंडाने ओळ म्हटली असेल तर हा बदल आधीच माहीत असतो आणि धक्का बसत नाही.

करायचं असं. पियानो बंद ठेवा. उजवा हात टेबलावर, डावा मांडीवर, म्हणजे दोन आवाज वेगळे ऐकू येतील. बारातल्या सहा घरांखाली बोल पेन्सिलने लिहा. आधी नुसतं म्हणा. मग म्हणत म्हणत वाजवा. जिथे धा आहे तिथे खरंच एकच आवाज येतोय का ते कान देऊन ऐका. बहुतेकांचा धा सुरुवातीला फाटलेला असतो, एक हात किंचित आधी पडतो, ‘त्धा’ असा. फाटका धा हीच खरी चूक, पुढचं सगळं त्यातून येतं. धा स्वच्छ झाल्याशिवाय पट्ट्यांवर जायचं नाही. मग पट्ट्यांवर जा, पण सूर बरोबर लागण्याची काळजी पहिल्या दोन वेळा सोडून द्या. बोल तोंडाने चालू ठेवा. तोंड थांबलं तर हातही थांबवा.

मेट्रोनोमऐवजी तबल्याचं ॲप किंवा घरातलं तबला मशीन दादरा तालावर लावलं तर या मिन्युएटला फार सुरेख आधार मिळतो. धा धिं ना । धा तिं ना या सहा मात्रांत दोन बार बसतात आणि मेट्रोनोमच्या टकटकीपेक्षा आपण कुठे आहोत हे कानाला लवकर कळतं. परीक्षेला बसणाऱ्यांनी पुढे मेट्रोनोमवरही वाजवावं, पण सुरुवात आपल्या ओळखीच्या ठेक्यावर करायला काहीच हरकत नाही.

डावा सूर धरलेला राहत नाही

इथे तबला पुरत नाही, हे आधीच सांगून टाकते. बोल सूर कधी सुरू होतो ते सांगतो, कधी संपतो ते सांगत नाही. त्याच मिन्युएटच्या दुसऱ्या बारात उजव्या हाताला शेवटचे दोन सूर एकच आहेत, जी आणि पुन्हा जी. तोच सूर परत वाजवायला उजवं बोट उचलावं लागतं, आणि त्याच क्षणी डाव्या हाताचं धरलेलं बोटही उचललं जातं. वाजवणाऱ्याला हे ऐकूही येत नाही, कारण त्याचं लक्ष वरच्या सुरावर असतं. खालचा सूर तुटून धून मात्र पोकळ होते. पुष्कळ जण मग सूर लांबवणारं पायाचं पेडल दाबून ते झाकतात. तसं करू नका, पेडल सोडूनच हा सराव करा.

यावर उपाय गळ्यात आहे. डाव्या हाताचा सूर तोंडाने गा, लांब आकारात, आणि उजव्या हाताने वरची धून वाजवा. डाव्याने अजून वाजवायचंच नाही. श्वास पुरला नाही तर चार बारांऐवजी दोन घ्या. गळा धरून ठेवू लागला की मग डावं बोटही ठेवा. गाणारा गळा सूर सोडत नाही आणि बोट त्याच्या मागे राहतं. ज्यांना गायची लाज वाटते त्यांनी गुणगुणलं तरी चालतं. ज्या दिवशी हे जमतं त्या दिवसापासून माणूस खालची ओळ ऐकायला लागतो. तोवर तो ती फक्त दाबत असतो.

सावकाश येतं, वेग वाढवला की मोडतं

याची दोन कारणं असतात आणि त्यांचे उपाय उलट आहेत, म्हणून आधी नीट ओळखा.

डावा हात एकटा चालू ठेवा आणि त्याच वेळी स्वतःच्या घराचा पूर्ण पत्ता मोठ्याने सांगा. सोसायटीचं नाव, गल्ली, चौक, पुणे ४११०३८ पर्यंत. पत्ता अडखळला किंवा हात अडखळला तर डावा हात अजून स्वतःच्या पायावर उभा नाही, त्याला एकट्यालाच अजून वेळ द्या. मोझार्टच्या सी मेजर सोनाटाचं उदाहरण घेते. त्याची १७८८ ची ही रचना त्याने स्वतःच नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवली होती. तिच्या सुरुवातीला डावा हात सा प ग प, सा प ग प असा गोल फिरत राहतो. या साथीला अल्बर्टी बेस म्हणतात. हा गोल पत्ता सांगता सांगता फिरला पाहिजे. तो फिरला की वरची ओळ जोडायची : धा गे गे गे धा गे धा गे. इथे बहुतेक बोल गे आहेत. मी तर म्हणेन, इथे डावाच हात चालणारा आहे आणि उजवा अधूनमधून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.

पत्ता बिनचूक सांगता आला आणि तरी एकत्र वाजवताना मोडतंय, तर मात्र एकेका हाताचा सराव ताबडतोब थांबवा. पुष्कळ जण इथेच महिने घालवतात. एकटा डावा आणि उजव्यासोबतचा डावा या शरीरासाठी दोन निराळ्या हालचाली आहेत, पहिली कितीही घासली तरी दुसरी त्यातून तयार होत नाही. आता फक्त एकत्र, आणि फक्त एक बार. पण बार पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत घेऊ नका, पुढच्या बारातल्या पहिल्या धा पर्यंत जा आणि तिथे थांबा. दोन बारांमधली भिंत ओलांडतानाच पाय अडकतो, म्हणून सरावाचा तुकडा भिंतीच्या पलीकडे संपला पाहिजे. मेट्रोनोम ५० वर, म्हणजे मिनिटाला ५० टोल, ठेवा. सलग तीन वेळा चूक न होता आलं तर ५४. मोडलं तर ४६. त्या पायरीवर चीड आणून दहा वेळा चुकीचं वाजवलं तर हात ते चुकीचंच शिकतात. हात बरोबर आणि चूक ओळखत नाहीत, जे पुन्हा पुन्हा होतं ते धरून ठेवतात.

पेटी उत्तम येते, तरी पियानोवर डावा हात चालत नाही

पुण्यात हे फार दिसतं. घरात पेटी असते, भजनाला साथ केलेली असते, उजवा हात तर मलाही लाजवेल असा. आणि डाव्या हाताने आयुष्यभर भाता ओढलेला. असे एक काका माझ्याकडे येतात. पहिल्या महिन्यात ते पियानोवर उजव्याने धून वाजवत आणि त्यांचा डावा हात पट्ट्यांवर ठेवलेला असूनही लयीत पुढे-मागे सरकत राही. त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. मी त्यांना त्यांच्याच फोनवर चित्रीकरण दाखवलं तेव्हा म्हणाले, “अहो मॅडम, हा तर भाता मारतोय!”

त्या हाताला वाईट सवय लागली आहे असं मी त्यांना म्हटलं नाही, कारण तसं नव्हतंच. तो हात लय पक्की धरत होता. फक्त ती लय मनगटातून आणि कोपरातून येत होती, ती बोटांत उतरवायची होती. मी त्यांना आधी डाव्या हाताचा एकच सूर दिला, भाता जिथे आत जाईल त्या मात्रेवर. मग दोन सूर, सा आणि प, भाता आत आणि भाता बाहेर. उजव्या हाताला त्यांना पाठ असलेली आरतीची चाल. साधारण तीन आठवड्यांत सरकणं थांबलं आणि बोटं त्या जागी आली.

पेटीवाल्यांची दुसरी अडचण आवाजाची असते. पेटीत बोट जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर ठरतो आणि दोन्ही हातांनी वाजवलं तरी सगळ्या सुरांना तोच दाब मिळतो. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते यावर हातोडी तारेवर किती जोरात आदळेल ते ठरतं. त्यामुळे प्रत्येक हाताचा, खरं तर प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा ठेवता येतो आणि ठेवावाही लागतो. नाहीतर डाव्या हाताचे जाड सूर वरची धून गिळून टाकतात. मुलांचे आई-बाबा सांगतात ना, ‘वाजतं सगळं, पण गाणं ओळखू येत नाही’, ते यामुळे.

यावर मी एक व्यायाम देते, त्याला आम्ही मुका डावा म्हणतो. उजवा हात नेहमीसारखा वाजवतो. डावा हात आपल्या सगळ्या पट्ट्यांवर योग्य वेळी बोट ठेवतो, पण दाबत नाही, नुसता स्पर्श. फार अवघड जातं, पहिल्यांदा हमखास आवाज होतो. उजवा जोर लावतो तेव्हा डाव्यालाही जोर लावावासा वाटतो, ती पुन्हा तीच आरशाची ओढ. मुका डावा जमला की मग त्याला जेमतेम आवाज होईल इतकंच दाबू द्यायचं. त्यानंतर उलट करायचं, मुका उजवा. ज्या कीबोर्डवर बोटाच्या जोराने आवाज बदलत नाही त्यावर हा सराव होत नाही. नवीन वाद्य घेताना वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या असं मी सांगते ते एवढ्याचसाठी, बाकी त्यातले शेकडो आवाज कुणी वापरत नाही.

एक हात सूर जोडून वाजवतो आणि दुसरा तोडून, तिथेही हीच तऱ्हा. पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवून सा रे ग म प, उजव्याने जोडून, डाव्याने तोडून, मग अदलाबदल. रोज दोन मिनिटं पुरतात.

काल येत होतं, आज नाही

“घरी अगदी बरोबर आलं होतं, ताई.” हे वाक्य खोटं नसतं. घरी चाळिसाव्या वेळेला बरोबर आलं होतं. वर्गात पहिल्या वेळेला वाजवायला सांगतात. म्हणून सरावातही पहिल्या वेळेची किंमत जास्त धरा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी बसल्या बसल्या पहिला प्रयत्न कसा आला ते वहीत लिहा. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मधली झोप मोठं काम करते, काल अडलेला बार आज न घासता सुटलेला तुम्हाला दिसेल. आणि कधी कधी मधूनच सुरू करा. पाचव्या बारापासून, आठव्यापासून. फक्त पहिल्यापासूनच वाजवता येत असेल तर हातांना रस्ता पाठ आहे, गाव माहीत नाही.

मनगटात किंवा बोटांत दुखायला लागलं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा. ताण आणि दुखणं यात फरक आहे आणि दुखण्यावर सराव करून कुणाचेही हात सुधारलेले मी पाहिले नाहीत.

ज्यांना शक्य आहे त्यांनी एखादी पियानोची मैफल समोर बसून ऐकावी. तिकीट काढताना सभागृहाची डावी बाजू मागा. मंचावर वादक आपल्या डाव्या हाताला बसतो आणि त्याची उजवी बाजू श्रोत्यांकडे असते, त्यामुळे दोन्ही हात डावीकडून दिसतात. डाव्या हाताकडे बघत बसा. तो किती कमी हलतो ते बघून मी पहिल्यांदा थक्क झाले होते.

तीनास दोन

थोडं पुढे गेलेल्यांना हे भेटतं. उजवा हात एका मात्रेत तीन सूर वाजवतो आणि डावा त्याच मात्रेत दोन. इथे लोक पुन्हा हात सुटे करायला जातात, एकाला तीन मोजायला लावायचं आणि दुसऱ्याला दोन. असं मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मात्रेची सहा घरं करा. उजवा पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरात. डावा पहिल्या आणि चौथ्या घरात. ओळ म्हणा :

धा ऽ ना गे ना ऽ

एवढंच. धाऽ नागे नाऽ, धाऽ नागे नाऽ. डाव्याला तीन आणि उजव्याला दोन असतील तर धा ऽ गे ना गे ऽ. दहा मिनिटं नुसतं तोंडाने म्हणून मग मांडी आणि टेबल.

गेल्या वर्षी माझ्याकडची कॉलेजातली एक मुलगी यावर दोन आठवडे अडली होती. ढोल-ताशा पथकात ती ढोल वाजवते. गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीपात्रात सराव असायचा, म्हणून माझ्याकडचा वर्ग बुडवत होती आणि त्याचं तिला वाईट वाटत होतं. मी तिला म्हटलं, “अगं, तुझे हात तर आधीच तयार आहेत. ढोलावर उजव्या हातात टिपरू असतं, डाव्याने थापी मारतेस. टिपरू म्हणजे ना, थापी म्हणजे गे. हे ढोलावर वाजवून दाखव.” ढोल नव्हता, तिने सोफ्याची उशी मांडीवर आडवी घेतली. पहिलं आवर्तन चुकलं, दुसरंही. तिसऱ्याला खांदे खाली आले, मान डोलायला लागली आणि धाऽ नागे नाऽ सुरू झालं ते थांबेचना. कंबरेला ढोल बांधून चालत चालत दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी ती तासन्‌तास करत होती, आणि पियानोसमोर बसून स्वतःला सांगत होती की आपले हात सुटे नाहीत.

आता ती आली की आधी उशी मागते. दोन आवर्तनं तिच्यावर, मग हात पट्ट्यांवर.